मदत हवी आहे : गोड्या पाण्याच्या टाकीवर घरी केलेला अल्गी स्क्रबर, जाळीवर शेवाळ धरत नाही

पाणकावळा :
टाकी १२० लिटरची. मासे : टेट्रा, कोरी आणि एक ब्रिसलनोज प्लेको. खाद्य रोज सुमारे ३ ग्रॅम कोरडे दाणे. दर आठवड्याला ३०% पाणी बदलूनही नायट्रेट (माशांच्या घाणीतून आणि खाद्यातून पाण्यात साचणारा क्षार) ६० पीपीएमच्या (दर लिटरला ६० मिग्रॅ) खाली उतरत नाही. नळाच्या पाण्यात ते ५ पेक्षा कमी आहे, म्हणजे दोष नळाचा नाही.

म्हणून अल्गी स्क्रबर केला : उजेडातल्या जाळीवर मुद्दाम शेवाळ वाढवायचं, ते नायट्रेट शोषतं, मग ते खरवडून फेकायचं. माझा धबधबा पद्धतीचा आहे, म्हणजे पाणी जाळीवरून खाली ओघळतं. टाकीवर ॲक्रिलिकचा डबा, त्यात २० मिमी पीव्हीसी पाईप आडवा, पाईपला खालून चीर आणि चिरेत १५ × २० सेंमीची प्लॅस्टिक कॅनव्हासची जाळी (लोकरीच्या भरतकामाला वापरतात ती). पंपावर ताशी ६०० लिटर लिहिलंय, पाणी ६० सेंमी वर चढवावं लागतं. एका बाजूने १० वॅटचा पांढरा एलईडी, १२ तास. महिना उलटून गेला. अडचणी अशा :
१) पाणी पंपाकडच्या बाजूनेच पडतं, जाळीचा लांबचा भाग कोरडाच.
२) पिवळट तपकिरी बुळबुळीत थर येतो, हिरवं केसाळ शेवाळ धरत नाही.
३) डब्यातलं पाणी हळूहळू वर चढतं. निचऱ्याचा पाईप २० मिमी, तोंडाला बारीक जाळी.

खडूस खेकडा :
पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. जाळी काढा, पाईपचं पाणी त्याच उंचीवर बादलीत घ्या आणि १० लिटर भरायला किती वेळ लागतो ते मोजा. धबधबा स्क्रबरला जाळीच्या रुंदीच्या दर सेंमीला ताशी सुमारे ५० लिटर लागतात. १५ सेंमीला ७५० झाले. तुमचा पंप ६० सेंमीवर तेवढं देणं शक्यच नाही.

मोठा पंप घेण्याआधी जाळीचं माप बघा. ते टाकीच्या लिटरवर ठरत नाही, रोजच्या खाद्यावर ठरतं. ढोबळ हिशोब : ३ ग्रॅम कोरड्या खाद्याला ८० चौ. सेंमी जाळी, दोन्ही बाजूंनी उजेड असेल तर. एकाच बाजूने असेल तर दुप्पट. तुमची जाळी ३०० चौ. सेंमी आहे, शिवाय अर्धी अंधारात. ७.५ × ११ सेंमीचा तुकडा कापा आणि दोन्हीकडून दिवे लावा. मोठ्या जाळीवर पातळ थर पसरण्यापेक्षा लहान जाळीवर दाट वाढ कधीही बरी.

कोरी_क :
बादली दीड मिनिटात भरली तर ताशी ४०० लिटर, म्हणजे ७.५ सेंमीला हाच पंप पुरेल.

चिरेबद्दल : रुंदी ३ मिमी, लांबी जाळीपेक्षा ३-४ मिमी जास्त. कड सरळ नसेल तर पाणी फवाऱ्यासारखं बाजूला उडतं. कापताना आत राहिलेली खरखरीत कड (बर) कानशीने घासून काढा. जाळीची वरची कड चिरेत जेमतेम शिरू द्या, फार आत गेली तर तीच प्रवाह अडवते. झिप टाय ढिले बांधा. पाईपचं टोक एंड कॅपने बंद करा, पण चिकटवू नका, कारण आत साचलेलं काढायला ती उघडावी लागते. मग स्पिरिट लेव्हल लावा, पाईप जरा कलला तरी पाणी एकाच बाजूला जातं. चिरेवर उजेड पडू देऊ नका. पाईपवर काळी पट्टी गुंडाळा, नाहीतर शेवाळ चिरेतच वाढून धार फोडतं.

जाळी खडबडीत केली आहे का? समुद्री टाकीत थोडक्यात भागतं, गोड्या पाण्यातलं शेवाळ मात्र लांब, मऊ आणि कच्च्या पकडीचं असतं. हॅकसॉचं पातं दोन्ही बाजूंनी उभं-आडवं ओढून जाळी निवडुंगासारखी काटेरी व्हायला हवी. हात फिरवल्यावर बोचली नाही तर अजून घासा.

खडूस खेकडा :
दिव्याचं राहिलं. दर बाजूला ६ वॅट, जाळीपासून १० सेंमीवर. ६६० नॅनोमीटरचा लाल उत्तम, नसेल तर २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर पांढरा चालतो. सुरुवात ९-१० तासांनी करा. काळपट चिखलासारखा थर आला तर अन्नाच्या मानाने उजेड कमी आहे, तास वाढवा. पिवळा, रबरी थर किंवा मधोमध उघडा डाग दिसला तर तिथे उजेड जास्त आणि प्रवाह कमी. नव्या जाळीवर सुरुवातीचा तपकिरी थर डायॅटमचा (सूक्ष्म तपकिरी शेवाळाचा) असतो, तो बोटाने हलकेच पुसा, ब्रश नको.

निचरा_तज्ज्ञ :
तिसरी अडचण सगळ्यात धोक्याची. सुटलेलं शेवाळ निचऱ्याच्या जाळीवर बसतं, डबा भरतो आणि टाकीतलं पाणी जमिनीवर येतं. बारीक जाळी आजच काढा. निचरा ३२ मिमी करा, तोंडाला उभ्या फटींची फणी ठेवा. त्याच्या ३ सेंमी वर दुसरा, रिकामा पाईप आणीबाणीसाठी. पंप टाकीत तळाशी ठेवू नका, वरच्या थरात टांगा. मग डबा तुंबलाच तरी पंप उघडा पडेपर्यंत मोजकंच पाणी बाहेर जाईल. टांगलेला पंप कधी कोरडा पडतो, तो जळाला तर नवा आणता येतो. दिवे १२ व्होल्टचे, पुढे ॲक्रिलिकचा आडपडदा, वायरला प्लगआधी खाली झोळ (ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता तिथून गळावं म्हणून) आणि सर्किटवर आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच). यात तडजोड नाही.

मनीप्लांटवाला :
एवढा खटाटोप कशाला? मनीप्लांटची मुळं पाण्यात सोडा.

खडूस खेकडा :
हलक्या भाराच्या टाकीत तेवढ्याने भागतं, शिवाय आवाज नाही. पण ३ ग्रॅम खाद्याला बरीच मुळं लागतील आणि प्लेको ती कुरतडू शकतो. दोन्ही ठेवायला हरकत नाही. मात्र सीओ२ सोडलेली झाडांची टाकी असेल तर धबधबा नको, तो सीओ२ उडवून लावतो.

पाणकावळा :
बादलीला ९५ सेकंद लागले. जाळी कापतो. साफसफाई किती दिवसांनी? आणि टाकीला आधीपासून असलेला कॅनिस्टर फिल्टर (बाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) बंद करू का?

कोरी_क :
फिल्टर चालू ठेवा. शेवाळ माशांच्या घाणीतला अमोनिया थेट उचलतं. एखाद्या दिवशी पंप बंद पडून जाळी सुकली, तर तो भार पेलायला फिल्टरमधले जिवाणू हवेत.

साफसफाई ७ ते १४ दिवसांनी. थर दीड सेंमीचा झाला की आतलं शेवाळ उजेडाअभावी मरतं आणि सगळा गठ्ठा सुटून टाकीत येतो. जाळी बाहेर काढा, प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडा, टाकीच्या पाण्यात धुवा. एका वेळी एकच बाजू, आणि तीही पांढरी शुभ्र करू नका, हिरवी झाक राहू द्या. दिवे रात्री, टाकीचा दिवा बंद असताना लावा, म्हणजे पीएचची चढउतार कमी होते. केएच (पीएच स्थिर ठेवणारी पाण्यातली कार्बोनेट क्षारता) कमी असेल तर हे पाळाच.

नायट्रेट दर वेळी पाणी बदलण्याआधी मोजा, सोबत फॉस्फेटही. फॉस्फेट शून्याला टेकलं आणि नायट्रेट ४० वर अडकलं, तर वाढ फॉस्फेटअभावी थांबली आहे, दिवा वाढवून उपयोग नाही. पाणी बदलणं चालू ठेवा, केएच आणि खनिजं स्क्रबर भरून देत नाही.