ट्रकचा ब्लाइंड स्पॉट सेन्सर सायकलवाल्याला खरंच ओळखतो का?

दोनचाकी_वारी
रोज सायकलने कामावर जाते. नव्या ट्रकना म्हणे ब्लाइंड स्पॉटमधली, म्हणजे ड्रायव्हरला न दिसणाऱ्या जागेतली, सायकल ओळखणारे सेन्सर असतात. सिग्नलला शेजारी उभी राहिले तर ड्रायव्हरला मी कळते का? सायकलवर ट्रकला खूण पाठवणारा एखादा इलेक्ट्रॉनिक टॅग लावून उपयोग होतो का?

क्लीनर_साइड
ताई, ट्रेलर चालवण्यात निम्मं आयुष्य गेलं. सेन्सर-सेन्सरमध्ये फरक असतो. स्वस्तातले अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींवर चालणारे. त्यांना एवढंच कळतं की जवळ काहीतरी आहे. रेलिंग, खांब, उभी गाडी, सगळ्यांना तेच पीं-पीं. तासाभरात कान ते ऐकेनासे होतात. बझरवर चिकटपट्टी मारलेल्या केबिन मी पाहिल्यात, आणि त्या ड्रायव्हरांना दोष देववत नाही.

रडार वेगळं. वस्तू हलतेय का, किती वेगाने, हे ते मोजतं. संयुक्त राष्ट्रांच्या नियम १५१ प्रमाणे शेजारी सायकल आली की आधी नुसता दिवा. धडकेची शक्यता दिसली तरच वेगळा इशारा. युरोपियन युनियनमध्ये जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या ट्रकला हे सक्तीचं आहे. लंडनमध्ये तर १२ टनांवरच्या ज्या ट्रकांना सुधारित यंत्रणा लावावी लागते, त्यांच्यात खांबाला वाजणारा सेन्सर चालतच नाही. ही अट लिहिणारा कधीतरी केबिनमध्ये बसला असणार!

गिअरबॉक्स
एवढं कशाला? चारही बाजूंना कॅमेरे लावा की.

क्लीनर_साइड
लावा, पण बघायचं कधी? सहा आरसे, त्यात स्क्रीन, वर समोरचा रस्ता. लीड्स विद्यापीठाच्या सिम्युलेटर चाचणीत काचेतून थेट दिसलेल्या माणसापेक्षा आरशात दिसलेल्याला ड्रायव्हरने ०.७ सेकंद उशिरा प्रतिसाद दिला. म्हणून माझं मत बुटक्या केबिनला आणि दाराला खालपर्यंत काचेला. मालक मात्र कॅमेराच घेतात, कारण तो जुन्या गाडीला बसतो.

दोनचाकी_वारी
म्हणजे ब्रेक आपोआप लागत नाही?

क्लीनर_साइड
बहुतेकांत नाही, इशारा मिळतो आणि पाय माझाच. मर्सिडीजने २०२१ मध्ये वळताना, २० किमी वेगापर्यंत, स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा आणली. तशी गाडी माझ्या वाट्याला अजून आलेली नाही.

टॅगचं म्हणाल तर तो ऐकणारं यंत्र ट्रकमध्येही हवं. ते नसेल तर टॅग नुसता शोभेचा.

आणि एक. क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडे, वळायचं असलं की मी ट्रेलर आधी उलट्या बाजूला काढतो. तेव्हा कडेला मोकळी जागा पडते आणि सायकलवाले नेमके तिथे घुसतात. पुढचा भाग वळला की ट्रेलरची मागची चाकं आत कापत येतात, ती जागा संपते. तिथे शिरू नका. सिग्नलला एक तर माझ्या मागे थांबा, नाहीतर एवढ्या पुढे की मान वळवलीत तर काचेतून मी दिसेन. बंपरला खेटून नको, उंच केबिनमधून तिथलं काहीच दिसत नाही.

गिअरबॉक्स
दाराच्या काचेचं पटलं. जुन्या गाडीचं दार बदलून मिळतं का?

क्लीनर_साइड
काही मॉडेलना मिळतं. पण आधी क्लीनर सीटवरचं सामान काढा, नाहीतर काचेतून पिशवीच दिसेल.