मदत हवी आहे: कांदा निर्यातीचे नियम अचानक बदलले तर? खरेदीदाराशी करार करताना काय लिहून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. आयईसी कोड (आयात-निर्यातीसाठी लागणारा नोंदणी क्रमांक) मिळालाय, कोलंबोच्या एका खरेदीदाराशी उन्हाळ कांद्याचं बोलणं चालू आहे. पण सभासद विचारतात, "माल बंदरात असताना दिल्लीनं दार लावलं तर?"

भीती खरी आहे. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ८ डिसेंबरपासून थेट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि वर ४० टक्के शुल्क, म्हणजे ७७० डॉलरच्या आत टन पडणारच नाही. सप्टेंबरात किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. तेही गेलं १ एप्रिल २०२५ ला. तोवर चाळीतल्या किती मालाला मोड आले, ते इथल्या कुणालाही विचारा.

मी वाचलं त्यावरून बंदी आणि किमान मूल्य वाणिज्य मंत्रालयाचं डीजीएफटी (विदेश व्यापार महासंचालनालय) ठरवतं, १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याच्या कलम ३ खाली. शुल्काची अधिसूचना मात्र अर्थ मंत्रालयाचा महसूल विभाग काढतो. २०२५ ला शुल्क हटलं ते ग्राहक व्यवहार विभागाचं पत्र गेल्यावर. म्हणजे कांद्याचा निर्णय तीन दारांतून फिरतो आणि त्यात पिकवणाऱ्याचं म्हणणं मांडणारं दार एकही नाही, याचा मला मनापासून राग येतो. निवेदन द्यायचं तर नक्की कुठे द्यावं?

खरी अडचण पुढे आहे. विदेश व्यापार धोरणाच्या परिच्छेद १.०५ प्रमाणे आधी उघडलेल्या, रद्द न होणाऱ्या एलसीवरच्या (म्हणजे खरेदीदाराच्या बँकेनं पैशांची दिलेली हमी) मालाला नव्या निर्बंधातून सवलत मिळते. डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेनं नेमकी हीच सवलत नाकारली. लोडिंग सुरू झालेला किंवा कस्टम्सच्या ताब्यात गेलेला माल, असे मोजकेच अपवाद ठेवले. शुल्काचं गणित वेगळं: सीमाशुल्क कायद्याच्या कलम १६ नुसार 'लेट एक्स्पोर्ट ऑर्डर' (माल चढवायला कस्टम्सची परवानगी) ज्या दिवशी मिळते, त्या दिवशीचा दर लागतो. शिपिंग बिल (कस्टम्सकडे भरायचा निर्यातीचा अर्ज) आदल्या दिवशी भरलेलं असलं तरी कंटेनर न्हावा-शेवा बंदराच्या रांगेतच असेल तर नवा दर आपल्याच माथी.

सुप्रीम कोर्टाचा २०२० चा चथा राइस मिल्सचा निकालही वाचला. पुलवामानंतर पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्काची अधिसूचना ई-गॅझेटवर रात्री पावणेनऊच्या सुमारास चढली, म्हणून त्याच दिवशी आधी कागद भरलेल्यांना ती लागू नाही, असं कोर्ट म्हणालं. पण तो आयातीचा मामला. निर्यातीत तो कुणी वापरलाय का? वकील किंवा कस्टम्स ब्रोकर असाल तर कृपया सांगा.

शुल्क वाढलं तर ते कुणी सोसायचं आणि बंदी आली तर आगाऊ रकमेचं काय, हे एफओबी करारात (माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च-जोखीम विकणाऱ्याची) कसं लिहितात? ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीच्या विम्यात आपल्याच सरकारची बंदी धरतात का?

लासलगाव-पिंपळगाव पट्ट्यातून २०२३-२४ मध्ये ज्यांनी माल पाठवला, त्यांनी करारातलं ते कलम जसंच्या तसं इथे टाकलं तर फार उपकार होतील. खरेदीदाराचं नाव, भाव सगळं झाकून टाका. सह्या करण्याआधी मला ते सभासदांपुढे वाचून दाखवायचंय.