अडीच वर्षांची मुलगी सगळ्याला 'हे' आणि 'ते' म्हणते, शब्द कसे वाढवावेत?

प्रश्न: सांगितलेलं सगळं कळतं, 'बाबा आला', 'दूध नको' असं दोन शब्द जोडून बोलते. पण वस्तू म्हणजे 'हे' आणि कुठलंही काम म्हणजे 'कर'. चित्रांचा तक्ता रोज दाखवतो, विचारलं की गप्प. नोकरीमुळे वेगळा वेळ काढणं अवघड जातं. शिवाय आजी मालवणीत बोलते, त्याने गोंधळ होतो का?

प्रतिसाद १: तक्ता बाजूला ठेवा. 'हे काय? ते काय?' ही तोंडी परीक्षा झाली. ती ज्याच्याकडे बघतेय त्याचं नाव तुम्हीच घ्या. वेगळा वेळही नको, मेथी निवडताना शेजारी बसवा. 'पानं खुडूया. हा देठ जाड आहे, टाकू. आता धुऊ आणि निथळत ठेवू.' गाजर किसायचं, पीठ चाळायचं, कणीक मळायची, पोळी लाटायची. इथे 'कर' म्हणून भागवू नका. एका वेळी दोन-तीनच नवे शब्द, पण आठवडाभर तेच ठिकठिकाणी यायला हवेत. मटार सोलले, केळं सोललं, लसूण सोलला. नुसतं मटारांपाशीच ऐकलं, तर 'सोलणं' म्हणजे मटारांचंच काहीतरी असं मूल धरून चालतं.

प्रतिसाद २: बोलून झालं की मनात सातपर्यंत आकडे मोजा. मोठ्यांना तेवढा धीर नसतो, आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. ती 'भूभू पळाला' म्हणाली, तर 'हो, काळा भूभू जिन्याखाली पळाला'. 'वाटी पडला' म्हणाली, तर न टोकता 'हो गं, वाटी पडली'. 'काय हवं?' पेक्षा 'दूध हवं की ताक?' विचारा, म्हणजे शब्द आयता कानावर पडतो. 'आधी पाणी म्हण, मग देते' हे मात्र अजिबात नको. आजींना मालवणीतच बोलू द्या, दोन बोलींनी बोलणं मागे पडत नाही.

प्रतिसाद ३: मागे चालू असलेला टीव्ही बंद ठेवा, त्या आवाजात घरातली माणसंच कमी बोलतात. सर्दी वरचेवर होते का? कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तर हाक ऐकू येते, पण हळू बोललेलं निसटतं. तसं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. तुमची मुलगी शब्द जोडते, ही चांगली खूण आहे. दोन वर्षं पूर्ण होऊनही शब्द जोडत नसेल किंवा पन्नासेक शब्दही नसतील, तर 'बोलेल हळूहळू' म्हणत थांबू नये; श्रवणचाचणी करून वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवावं.