गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी मासे: सरकारी प्रचार हवा का?

जलचर: हवा, आणि जोरात हवा. पण नुसतं 'मासे खा' सांगून भागणार नाही. बारीक मासा अख्खा, काट्यांसकट खाल्ला तर कॅल्शियम मिळतं. मोठ्या माशाच्या तुकडीतून ते जवळजवळ मिळत नाही. बांगलादेशातल्या मोला या बारीक माशाचं अ जीवनसत्त्व बरंचसं डोळ्यांत आणि पोटात असतं. डोकं छाटून साफ केला की तेच टाकून दिलं.

शंकेखोर: आणि माशांतला पारा? जपानमध्ये मिनामाताला १९५६ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेचा रोग उघड झाला. तिथले मासे खाणाऱ्या कित्येक आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, बाळं मात्र मेंदूला इजा घेऊन जन्मली. गरोदर बाईला मासे खायला सांगताना हे सांगणार का?

जलचर: सांगायलाच हवं. पण तिथे कारखान्याचा पारा खाडीत सोडला जात होता. एरवी पारा साठतो तो शार्क, तलवारमाशासारख्या मोठ्या, बरीच वर्षं जगणाऱ्या शिकारी माशांत. ते टाळायचे. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनसुद्धा गरोदर बायकांना मासे बंद करा म्हणत नाही. कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम खा म्हणतं.

अर्धविराम: आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांचं काय? डाळी, पालेभाज्यांवर कोणी बोलत नाही.

जलचर: बोलतात की! पण पालेभाजीतलं लोह अंगी कमी लागतं, आणि बी-१२ तर तिच्यात नसतंच. तुमच्यासाठी दूध आणि गोळ्या आहेत, जबरदस्ती कुणावरच नाही.

दोन_लेकरांची_आई: बाळाला वर्षापर्यंत मासा नको, ॲलर्जी होते असं ऐकलंय.

जलचर: तो सल्ला जुना झाला. उशीर केल्याने ॲलर्जी टळत नाही. सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नाबरोबर चालतो. काटा मात्र बोटांनी चाचपून काढायचा. खारवलेला सुका मासा बाळाला नको, मीठ फार.

शंकेखोर: बारीक मासे उरलेत कुठे? मोठ्या प्रमाणात फिशमीलच्या, म्हणजे माशांची भुकटी करणाऱ्या कारखान्यात जातात, तिथून शेततळ्यातल्या कोळंबीच्या पोटात. आईला पोस्टर आणि कोळंबीला मासा! आधी ते थांबवा, मग प्रचार करा.

जलचर: मागणी नसेल तर कोळी तो मासा कारखान्यालाच देणार ना? म्हणून तर प्रचार हवा.

शंकेखोर: मागणी वाढली की भावही वाढतो. मग ज्या घरासाठी हा खटाटोप, तेच घर आधी मासा सोडेल. फुकट वाटणार असाल तर बोला.