धीर, हिंमत, अवसान, उभारी: पेशंटच्या घरच्यांसाठी कोणता शब्द लिहू?

सुरंगी

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर घरी जाणाऱ्या पेशंटच्या घरच्यांसाठी एक पानी पत्रक लिहिते आहे. कुशीवर कसं वळवायचं, खुर्चीत बसवताना कुठे धरायचं, हे सगळं लिहून झालं. अडलंय ते शेवटच्या परिच्छेदाशी. तिथे मी लिहिलं होतं, "या काळात कुटुंबीयांनी धैर्य बाळगावे व मनोबल उंच ठेवावे."

कच्चा कागद एका काकूंना वाचायला दिला. काकांची डावी बाजू गेली आहे. काकू त्यांना सदरा घालत होत्या. लुळा हात आधी बाहीत घालायचा, चांगला नंतर, हे त्यांना शिकवून आठवडा झाला होता. पण बोटं आत अडकत होती आणि काकू बाहीच्या तोंडातून आपला हात घालून एकेक बोट सरळ करत बाहेर काढत होत्या. मी शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. हातातलं काम न थांबवता त्या म्हणाल्या, "हे भाषणात बोलतात तसं झालं गं. मला एवढंच सांग, धीर किती दिवस धरायचा?"

तेव्हापासून मी हे शब्द घोळवते आहे. हिंमत आपण करतो, हरतो. धीर धरतो, देतो, तो सुटतो, खचतो. पण धीर कुणी 'करत' नाही. असा फरक का असावा? आणि तुमच्या घरात अशा वेळी खरोखर काय बोललं जातं? शब्दकोशातले नकोत, तोंडातले हवेत.

जुनी_वही

सुरंगी, आधी एक दुरुस्ती. धीर 'करतात' बरं का. "शेवटी धीर करून विचारलं" हे आपण रोज म्हणतो. धीर चेपतोही, म्हणजे भीती मोडत जाते. तुमचं निरीक्षण तरी मोलाचं आहे, कारण या शब्दाचा मुख्य संसार 'धरणे' याच क्रियापदाशी आहे. संस्कृत 'धृ' म्हणजे धरून ठेवणे, तोलून धरणे, आणि धीर त्याच घरातला. म्हणून "जरा धीर धर" याचा अर्थ 'थांब' असाही होतो आणि 'घाबरू नकोस' असाही. थांबणं आणि न घाबरणं एकाच शब्दात बसलं आहे. हिंमतीत थांबणं नाही. तो शब्द अरबीतून फारसीमार्गे आला, त्याच्या मुळाशी संकल्प, इरादा आहे.

धीट हा मात्र धीरचा भाऊ नव्हे, दिसायला सारखा असला तरी. तो 'धृष्ट'पासून आला. धारिष्ट्यही त्याच बाजूचं. आज वर्तमानपत्रात "असे धारिष्ट्य केले" म्हणजे बहुधा आगाऊपणा केला. पण समर्थांच्या मनाच्या श्लोकांत "मना श्रेष्ठ धारिष्ट जीवीं धरावें" म्हटल्यावर पुढचाच चरण आहे "मना बोलणे नीच सोशीत जावें". म्हणजे तिथे धारिष्ट सोसण्यासाठी मागितलं आहे, कुणावर चालून जाण्यासाठी नाही. सतराव्या शतकातला तो अर्थ आपण हरवून बसलो याचं मला मनापासून वाईट वाटतं. शिकवत होतो तेव्हा दरवर्षी हा श्लोक आला की मी वर्गात इथेच थांबायचो.

गीतेतही सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी 'अभय' या शब्दाने सुरू होते आणि 'धृति' पुढे तिसऱ्या श्लोकात निराळी सांगितली आहे. भीती नसणं वेगळं आणि तग धरणं वेगळं. तुमच्या काकूंना दुसरं हवं आहे.

बांधावरून

आमच्याकडे या प्रसंगाला एकच शब्द, अवसान. संस्कृतात अवसान म्हणजे शेवट. मराठीत मात्र बळ! "अंगात अवसान नाही" म्हटलं तर शरीराचं, "अवसान गळालं" म्हटलं तर मनाचं, आणि बोलणाऱ्याला दोन्हींत फरक करावासा वाटत नाही. आजारपणात ते दोन्ही वेगळं असतं तरी कुठे?

बाबा आजारी होते तेव्हा आई वॉर्डच्या दाराशी थांबायची. डोळे पुसायची, पदर सारखा करायची, मग आत जाऊन मोठ्यांदा "काय म्हणतोय गडी?" असं विचारायची. हे उसनं अवसान. बाबांना त्याने खरोखर बरं वाटायचं. पण घरी आल्यावर ती न जेवता भिंतीकडे तोंड करून पडायची. आम्ही भावंडं लहान नव्हतो, तरी दोन महिने आमच्या हे ध्यानात आलं नाही. तुमच्या पत्रकात तिच्यासारखीसाठी एक ओळ हवी. "धीर द्या" असं घरच्या बाईला सगळेच सांगतात, तिला कोण देणार ते कुणी लिहीत नाही.

वळणवाट

मी पलंगावर होतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. चव्वेचाळिसाव्या वर्षी उजवी बाजू गेली. भेटायला येणारा प्रत्येक जण "खंबीर राहा, हिंमत हरू नका" म्हणून जायचा. माणसं चांगली होती. पण बोट हलत नसताना हिंमतीचं नाव निघालं की वाटायचं, हात हलत नाही हा माझ्याच मनाचा दोष आहे. कृपा करून 'मनोबल उंच ठेवा' काढून टाका.

मला बळ आलं ते फार साध्या वाक्याने. थेरपी देणारी मुलगी माझी टाच दाबून धरायची आणि म्हणायची, "आज नेट लागतोय, मला जाणवतोय." शाबासकी नव्हे, तिच्या तळहाताला जे कळलं ते ती सांगत होती. 'उभारी' हा शब्दही मला तेव्हाच उमगला. त्यात 'उभा' आहे. पलंगाची कड सोडून मी आठ आकडे मोजेपर्यंत उभा राहिलो त्या दिवशी मला उभारी आली. आधी उभारी आणि मग उभं राहणं, असं माझं झालं नाही.

सुरंगी

तिघांचेही आभार. जुनी_वही, 'धीर करून' माझ्या रोजच्या बोलण्यात आहे आणि तोच निसटला! वळणवाट, हे वाचून मी माझी जुनी वाक्यं आठवत बसले. "हिंमत ठेवा काका" मीही किती जणांना म्हटलंय. आता नाही म्हणणार.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मी टाळलं होतं. नुसतं "धीर धरा" म्हणायचं आणि कुठवर ते सांगायचं नाही, हे मला आता पटत नाही. शेवटचा परिच्छेद असा केला आहे:

"पहिल्या 3 महिन्यांत सुधारणा सहसा वेगाने दिसते. पुढे वेग कमी होतो, पण म्हणून सुधारणा थांबली असं नाही. प्रत्येकाची चाल वेगळी. एखाद्या दिवशी काहीच जमणार नाही, त्यात पेशंटची चूक नाही आणि तुमचीही नाही. सांभाळणाऱ्या माणसाने आठवड्यातून निदान एक दुपार दुसऱ्यावर सोपवावी. धीर सुटतोय असं वाटलं तर आम्हाला फोन करा, व्यायामाबद्दल विचारायचं नसलं तरी करा."

'अवसान' घालायचा मोह झाला होता, पण छापील कागदावर काहींना ते कळणार नाही असं वाटलं. समोर बसून बोलताना नक्की वापरीन.

काल काकूंना वाचायला दिलं. दोनदा वाचलं त्यांनी. "बाळगावे" गेलं ते बरं झालं म्हणाल्या. मग फोन नंबरवर बोट ठेवून म्हणाल्या, हा एवढा मोठा कर, रात्री चष्मा हाताशी नसतो.