बूथसाठी प्रिंटर निवडताना भिंग बाजूला ठेवा, रांगेकडे बघा

फ्लॅशमागचा

फोटो-बूथ, म्हणजे कार्यक्रमात पाहुण्यांचे फोटो काढून तिथेच छापून देणारा कोपरा, सुरू करू पाहणारा प्रत्येक जण मला पहिला प्रश्न हाच विचारतो : "कुठल्या प्रिंटरचा फोटो सगळ्यात चांगला येतो?" माझ्या मते इथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. दोन प्रिंट टेबलावर शेजारी ठेवून भिंगातून पाहिल्या, तर सहा शायांचा इंकजेट बऱ्याचदा बाजी मारतो, हे मला मान्य आहे. पण बूथपाशी भिंग घेऊन कोणी येत नाही. फोटो निघाला की हात पुढे येतो आणि मागे रांग उभी असते. त्या हातात कोरडी, बोट लागून न पुसणारी प्रिंट किती सेकंदांत पडते, यावरच प्रिंटर ठरवावा. या कसोटीला आज फक्त डाय-सब्लिमेशन उतरतं.

हिशेब करून बघा. पाच जणांचा घोळका आला, प्रत्येकाला एकेक प्रत हवी. डीएनपीच्या आरएक्स१ सारखा बूथसाठीच बनवलेला प्रिंटर ४ बाय ६ इंचांची प्रिंट साधारण १२-१३ सेकंदांत काढतो. म्हणजे मिनिटभरात पाचही जण मोकळे. कॅननचा सेल्फी सीपी१५०० हाही डाय-सबच, पण घरगुती. एका प्रिंटला ४० सेकंदांच्या आसपास, म्हणजे पाच प्रतींना जवळजवळ साडेतीन मिनिटं. त्याच्या ट्रेमध्ये एका वेळी १८ कागद बसतात. आरएक्स१ च्या एका रोलवर ४ बाय ६ च्या ७०० प्रिंट निघतात. तंत्र एकच असलं तरी एक यंत्र कार्यक्रमासाठी बनलंय आणि दुसरं घरच्या टेबलासाठी.

ज्यांना हे तंत्र नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आत एक पातळ रिबीन असते. तिच्यावर पिवळा, मॅजेंटा, सायन आणि शेवटी पारदर्शक थर, असे प्रिंटच्या मापाचे पट्टे ओळीने येतात. गरम हेड मागून रिबिनीला चटका देतं आणि रंग कागदाच्या वरच्या थरात शिरतो. शाळेत कापूर तापवून संप्लवन दाखवायचे, नाव त्यावरूनच पडलंय. चटका कमी-जास्त केला की त्याच ठिपक्याची छटा फिकी-गडद होते, म्हणून ३०० डीपीआयलाही (इंचात ३०० ठिपके) चेहरा गुळगुळीत दिसतो. शेवटचा पारदर्शक थर बसला की फोटोवर पाणी सांडलं तरी पुसून घ्यायचं.

घरगुती प्रिंटरचा एक धोका मी डोळ्यांनी पाहिलाय. त्यात कागद प्रत्येक रंगाला अर्धा बाहेर येतो आणि परत आत जातो. पिवळा चेहरा बाहेर डोकावला रे डोकावला, की समोरचं लहान मूल तो ओढतं. मग कागद फाटतो, रिबीन आत गुंतते आणि पुढची दहा मिनिटं तुम्ही पाहुण्यांकडे पाठ करून चिमट्याने तुकडे काढत बसता.

शाईवाली

असहमत, आणि ठामपणे. मी पाच वर्षं टाकीवाल्या इंकजेटवर बूथ चालवतेय.

"शाई ओली राहते, पुसते" ही तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या कागदाची असते. शाई शोषून फुगणाऱ्या थराचा कागद घेतला तर तो वाळायला वेळ घेणारच. सूक्ष्म छिद्रांच्या कागदात शाई लगेच आत ओढली जाते आणि प्रिंट बाहेर येताच हातात देता येते. वेगात मी तुमच्या मागे आहे, हे कबूल. पण माझ्याकडे येणारा पाहुणा दीडशे सेकंद थांबतो, कारण त्याला जाड मॅट कागदावरचा फोटो मिळणार असतो. डाय-सबला तो कागद चालतच नाही. रोल आणि रिबीन जोडीनेच घ्यायची, त्याच यंत्राची. कार्यक्रमाच्या मधोमध संपली तर सगळं ठप्प. माझा कागद संपला तर दुसऱ्या कोणाचाही चालतो.

दुसरं म्हणजे अक्षरं. फोटोपट्टीच्या तळाशी नाव-तारीख बारीक टाइपात टाकलेली असते. उष्णता कडेला थोडी पसरते, त्यामुळे तुमच्याकडे त्या अक्षरांच्या कडा मऊ होतात. माझ्याकडे वेलांटीचं टोकसुद्धा टोकदार येतं. पाच वर्षांनी फोटो हातात घेणारा माणूस आधी चेहरा बघतो आणि मग तारीखच वाचतो.

धुळीचं तर तुम्ही बोललाच नाहीत. एकदा मोकळ्या मैदानातल्या कार्यक्रमात मी उसना डाय-सब लावला होता. प्रत्येक प्रिंटवर ठरावीक जागी पांढरा ठिपका. चौथ्या प्रिंटला मी यंत्र उघडलं, तर रोलरवर राईएवढाही नसेल असा कण चिकटलेला. तेवढ्यात ज्या बाईंच्या गालावर तो ठिपका आला होता त्या प्रिंट घेऊन निघून गेल्या होत्या. त्या परत दिसल्या नाहीत. मला अजून वाईट वाटतं.

नवशिक्या

एक शंका. कप आणि टी-शर्टवर छापतात तेही सब्लिमेशनच ना? मग तोच प्रिंटर घेऊन दोन्ही कामं होतील का?

फ्लॅशमागचा

@नवशिक्या, नाही. कपासाठी इंकजेटमध्ये सब्लिमेशनची शाई भरतात, आधी कागदावर छापतात आणि मग हीट प्रेसने रंग कपावर उतरवतात. रिबीनवाला प्रिंटर थेट त्याच्या खास कागदावर छापतो. नाव सारखं, यंत्रं वेगळी.

@शाईवाली, धुळीचं खरं आहे, ते आधीच लिहायला हवं होतं. ठिपका ठरावीक अंतराने येत असेल तर रोलर पुसायचा, सलग रेघ येत असेल तर हेड. मी रोल बदलताना दरवेळी दोन्ही पुसतो. थंड गाडीतून यंत्र दमट मांडवात आणलं तर लगेच चालू करत नाही, कारण आत दव धरतं.

पण नोझलबद्दल, म्हणजे शाई फवारणाऱ्या बारीक छिद्रांबद्दल, तुम्हीही गप्पच राहिलात. दोन कार्यक्रमांच्या मध्ये तीन आठवडे गेले की इंकजेटची नोझलं वाळतात. हेड क्लिनिंग केलं की महागाची शाई फोटोवर न जाता आतल्या स्पंजात जाते. एवढं करूनही चेहऱ्यावर आडव्या रेघा कधी उमटतील, सांगता येत नाही. माझं यंत्र उरलेल्या प्रिंटचा आकडा दाखवतं आणि तो बरोबर निघतो. फोटो काळोखा असो की पांढराशुभ्र, रिबीन तेवढीच लागते.

आणि दीडशे सेकंद थांबणारा पाहुणा तुम्हाला दिसतो. न थांबता निघून गेलेला दिसत नाही. माझं दुखणं तेच आहे.

जुनी रीळ

तुम्ही दोघं सेकंद मोजताय म्हणून एका जुन्या गोष्टीची आठवण करून देतो. अनातोल जोसेफोने १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर नाणं टाकून आपोआप फोटो देणारं फोटोमॅटन उघडलं. २५ सेंट टाकायचे, आठ फोटो, आणि पट्टी हातात यायला साधारण आठ मिनिटं. तरी लोकांनी रांगा लावल्या. वाट पाहणं हाही बूथच्या मजेचाच भाग होता.

म्हणून मी इन्स्टॅक्स, म्हणजे फोटो काढताच फिल्म बाहेर देणारा कॅमेरा, लावतो. कोरी पांढरी फिल्म हातात येते, दीडेक मिनिटात आधी केस, मग डोळे, मग कपड्यांचा रंग वर येतो. ते बघायला चार डोकी एका तळहातावर वाकतात. कॅमेऱ्यातून काढलेल्या त्या फोटोची ना फाइल असते, ना निगेटिव्ह. जगात तो एकच. माझ्यासाठी फोटोचं मोल त्यातच आहे.

फ्लॅशमागचा

@जुनी रीळ, ते चार वाकलेले चेहरे मीही पाहिलेत, आणि त्या आनंदाची बरोबरी माझी १२ सेकंदांची प्रिंट करत नाही. पण तोच पाच जणांचा घोळका घ्या. फोटो जगात एकच, मग तो कोणी न्यायचा? प्रत्येकाला एक द्यायचा तर पाचदा काढा. काडतुसात दहाच फिल्म, म्हणजे दोन घोळक्यांत ते रिकामं. मिनी फिल्मवरचं चित्र ६२ बाय ४६ मिलिमीटर, त्यात पाच चेहरे केवढे येणार? शिवाय उघड्यावर पारा ५ अंशांच्या खाली गेला किंवा ४० च्या वर चढला, तर रंग भरवशाचे राहत नाहीत. दोघांसाठी इन्स्टॅक्स उत्तम. गर्दीसाठी नाही.

झिंक या छोट्या प्रिंटरच्या तंत्राबद्दल कोणी विचारण्याआधीच लिहितो : रंगाचे स्फटिक कागदातच असतात, उष्णतेने उमलतात, रिबीन नाही, शाई नाही. खिशात मावतो म्हणून गंमत आहे. पण त्वचेचे रंग डाय-सबच्या जवळपासही येत नाहीत.

पडद्याआडून

मी बूथ चालवत नाही, कार्यक्रमांची आखणी करते. तुमच्या वादात एक गोष्ट कोणीच काढली नाही, म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षी एका घरगुती कार्यक्रमानंतर आवराआवर करताना कचऱ्याच्या पिशवीत डाय-सबची वापरलेली गुंडाळी सापडली. सहज म्हणून हातभर उलगडून ट्यूबलाइटसमोर धरली. मॅजेंटाच्या पट्ट्यावर एक आजी हसत होत्या, उलट्या उजेड-सावलीत, पण त्यांना ओळखणारा कोणीही ओळखेल इतक्या स्पष्ट. पुढच्या पट्ट्यावर त्याच आजी सायनमध्ये. मग दोन मुलं, मग नवरा-बायको. जेवढा रंग कागदावर जातो तेवढा रिबिनीवरून कमी होतो, म्हणून प्रत्येक प्रिंटची निगेटिव्ह तिथेच उरते. त्या पिशवीत सगळ्या पाहुण्यांचे चेहरे होते, आणि ती रात्री रस्त्याच्या कडेला जाणार होती.

शिवाय एका प्रिंटला कागदाच्या चौपट रिबीन खर्ची पडते. तो सगळा प्लास्टिकचा कचरा.

शाईवाली

हे मलाही माहीत नव्हतं. वादात माझी बाजू वर गेली म्हणून नव्हे, खरंच अस्वस्थ झाले.

फ्लॅशमागचा

मला माहीत होतं, आणि तरी मी इतकी वर्षं गुंडाळ्या तशाच टाकत आलो. तुमचं वाचून काल रात्री शिल्लक असलेली एक उलगडून पाहिली. बरोबर आहे तुमचं.

रांगेबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, गर्दीत मी डाय-सबच लावणार. पण वापरलेली रिबीन आता कार्यक्रमाच्या जागी सोडायची नाही, आणि कार्यक्रम ठरवतानाच यजमानांना हे सांगायचं. कागद फाडायच्या यंत्रात ती घालू नका, इतकी पातळ असते की पात्यांभोवती गुंडाळून बसते. मी गुंडाळी न उलगडता, नळीच्या लांबीला समांतर, नळीपर्यंत जातील असे कटरने सहा-सात काप दिले. एका कापात शेकडो पट्टे चिरले जातात. कापून झाल्यावर हातात आली ती अरुंद रंगीत कात्रणं. एकातही पुरता चेहरा नव्हता.

पडद्याआडून

यजमानांशी करायच्या करारात मी हे एक कलम म्हणून घालतेय. @शाईवाली, तुम्हाला एक विचारायचं होतं : तुमच्या छिद्रांच्या कागदावरचे फोटो हवेतल्या ओझोनने लवकर फिके पडतात असं वाचलंय. पाहुण्यांना देताना काय सांगता?

शाईवाली

पडतात, उघडे ठेवले तर. काचेच्या चौकटीत किंवा अल्बममध्ये ठेवा, असं मी पाकिटावरच छापते. आणि हे डाय-सबवाल्यांनीही छापावं, फक्त त्यांनी पीव्हीसीच्या मऊ कव्हरला मनाई करावी. ते मऊ ठेवणारं रसायन त्यांच्या प्रिंटचा रंग ओढून घेतं आणि चेहरा कव्हरला चिकटतो. पॉलिप्रॉपिलिनचं घ्या, त्याला काही होत नाही.