कपाटाचा तळ बंद करू नये

जर्की, म्हणजे मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, करताना गॅस बर्नरच्या कपाटात धुरी देतात. धूर निसटू नये म्हणून या कपाटाच्या सगळ्या फटी बुजवाव्यात आणि फक्त वर एक धुराडे ठेवावे, असे काही जण सुचवतात. दाराच्या फटींपुरते ते मान्य आहे, पण तळ बंद करणे धोक्याचे आहे. प्रोपेन काय किंवा आपल्या सिलिंडरातला प्रोपेन-ब्यूटेनचा मिश्र गॅस काय, दोन्ही हवेपेक्षा जड असल्यामुळे बर्नर विझल्यास गॅस वरून निघून न जाता तळाशी साचत राहतो, आणि अशा वेळी कोणी काडी ओढली तर पुढचे सांगायला नको. गेल्या जुलैत माझा बर्नर वाऱ्याने विझला. बाभळीच्या ढलप्या धुमसतच असल्याने ते बराच वेळ ध्यानातही आले नाही. तापमापकाचा काटा उतरू लागला तेव्हा खाली वाकलो आणि वास आला. त्यानंतर कपाट कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेऊन तळाला दोन इंची चार भोके पाडून घेतली आणि ज्योत विझताच गॅस तोडणारा थर्मोकपलचा व्हॉल्व्ह बसवला.

शिवाय जर्की हे मुळात वाळवणच, आपल्या चान्यांसारखे. खालून हवा आली नाही तर मटणाच्या पट्ट्या वाळण्याऐवजी उकडतात, पावसाळ्यातल्या कोल्हापुरात तर हमखास. पट्ट्या आधी आतपर्यंत 71 अंश सेल्सिअसला तापवून मगच वाळवाव्यात, असे अमेरिकी कृषी खाते सांगते, कारण वाळत चाललेल्या मांसातले जंतू उष्णतेला अधिक दाद देईनासे होतात.